सूचक मी, अनुमोदक मी

वेड पांघरून ज्या पेडगावला जातात ते पेडगाव आमचं नव्हे. ते तिकडचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठचं, बहादूरगड मिरवणारं. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं. इथे किल्ला नाही, आणि लुटावा असा मोगलांचा खजिनाही नाही. महसूल मंडळाचं गाव असल्यामुळे पावसाळ्यात पेपरातल्या तक्त्यात आमच्या नावापुढे मिलिमीटर छापून येतात, तेवढीच आमची कीर्ती. म्हणीवर दावा सांगायची आमची ऐपत नाही. पण मार्च 2022 पासून महाराष्ट्राच्या सरकारांनी (अनेकवचन मुद्दाम आहे, तीन झाली) स्थानिक स्वराज्याच्या बाबतीत जे वेड पांघरलं, ते पाहता त्यांच्या तिकिटावर नेमकं कुठलं पेडगाव होतं हे एकदा तपासलं पाहिजे.

विषय तसा लहानसा आहे. एका माणसाच्या डोक्यावर दोन पागोटी. एक पागोटं मागतं, दुसरं देतं. एक खर्च करतं, दुसरं खर्च बरोबर झाला म्हणतं. गावात कुणी असं केलं तर त्याला आपण काय म्हणतो ते छापण्यासारखं नाही. कायद्यातला शब्द सभ्य आहे: अपात्र.

आणि गावच्या माणसाला अपात्र ठरवण्याच्या कामी आपल्या कायद्याने जी प्रतिभा दाखवली आहे तिला तोड नाही. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम 14 काढून वाचा. जवळ पाण्याचा तांब्या ठेवा, कलम लांब आहे. पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध निघाला, पद गेलं. पंचायतीच्या मर्जीतली पगारी जागा धरली, गेलं. कराचं मागणीबिल हातात पडून तीन महिने झाले आणि पैसे भरले नाहीत, गेलं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं लेकरू झालं, गेलं. सरकारी जागेवर अतिक्रमण, गेलं. आणि ते तुम्ही स्वतः केलेलं असायलाच हवं असंही नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनाबाई खटल्यात सांगितलं की कुटुंबाने बळकावलेल्या सरकारी जागेत राहणारी सदस्यही त्या अतिक्रमणाची वाटेकरीच. यावर कळस म्हणजे शौचालय. घरात ते आहे एवढ्यावर भागत नाही. उमेदवार त्याचा नियमित वापर करतो असं पंचायतीचं प्रमाणपत्र लागतं, ग्रामसभेच्या ठरावासह. लोकप्रतिनिधीच्या पहाटेवर इतकी बारीक नजर ठेवणारं दुसरं प्रजासत्ताक भूतलावर असल्यास कृपया कळवावं.

माझी याबद्दल तक्रार नाही. सरपंचाने मेहुण्याला नालीचं काम द्यावं आणि बिलावर स्वतःच सही ठोकावी हे कुणाला आवडेल? (मेहुणा सोडून.) पोलीस पाटलालाही असंच बांधून घातलंय. त्याने गावात शेती करावी, छोटा धंदा करावा, पण दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी धरायची नाही. का? तर एका माणसाचं लक्ष दोन धन्यांच्या ताटात नको. शहाणा नियम आहे.

सहकारात तर चक्क खुर्च्या मोजल्या. 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात 73-अ नावाचं कलम आहे. त्याने मोठ्या संस्थांचे तीन वर्ग पाडले आणि बजावलं: एका वर्गातल्या एकाच संस्थेचं अध्यक्षपद घ्या, आणि तिन्ही वर्ग मिळून दोनाच्या वर जाऊ नका. आता महाराष्ट्रातला सहकारमहर्षी हा कायद्याला घाबरणारा इसम नव्हे. तो कायद्याला पाट-रांगोळी करून जेवू घालतो. कारखाना साहेबांकडे राहिला, बँक धाकट्या बंधूंनी पाहिली, दूध संघ चिरंजीवांच्या गळ्यात पडला, आणि 'कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव' सूतगिरणी सूनबाईंच्या पदरात. नियम शाबूत, आणि पदं सगळी एकाच वाड्यात. तरीही एक बघा. पळवाट काढायला का होईना, माणसं वेगवेगळी लागली. आणि माणसं वेगवेगळी असली की कधी ना कधी भांडतात. बंधूंचं बिनसलं की साखरेचे हिशेब आपोआप चव्हाट्यावर येतात. त्याला लेखापरीक्षक लागत नाही.

भावकीचं भांडण ही थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाहीच. आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. निजामाला लोकशाहीचा सोस होता असा आरोप त्याच्या शत्रूंनीही कधी केला नाही. पण त्याच्या राज्यात गावाला पाटील दोन असत: महसुलाचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील. हिशेबाला तिसरा, पटवारी. वतनं वंशपरंपरेची, तेव्हा दोन्ही पाटील एकाच भावकीतले निघाले तर नवल नाही. पण पाटील दोन म्हणजे मिशा दोन, मान दोन, आणि पोळ्याला कुणाचा बैल आधी यावरून वैर एक. माँटेस्क्यूने 1748 मध्ये सत्ताविभाजनावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आमच्याकडे तो सिद्धांत बांधाच्या भांडणातून चालू होता, आणि चालू होता म्हणजे खरंच चालू होता.

छत्रपतींचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक. शिवकाळात प्रत्येक गडावर अधिकारी तीन: हवालदार, सबनीस, कारखानीस. दरवाजाच्या किल्ल्या एकाकडे, हजेरी आणि दफ्तर दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. तिघांपैकी एकट्याला गड विकता येऊ नये ही त्यातली सोपी अक्कल. महाराजांचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. गड माणसाच्या विश्वासावर टांगायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. हवालदारालाच सबनिशी आणि कारखानिशी 'पुढील आदेशापर्यंत' देऊन टाकावी असं त्यांच्या दरबारात कुणी सुचवलं असतं, तर त्या सुचवणाऱ्याची पुढची नेमणूक कुठे झाली असती याची कल्पना करून पाहा.

आता या 2022 कडे.

त्या मार्चमध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली. त्याच महिन्यात राज्यातल्या 25 जिल्हा परिषदांची संपली, त्यात आमची परभणीची. पंचायत समित्या त्याच्या थोड्या आधी गेल्या होत्या. मे उजाडला आणि परभणी महापालिकाही त्याच रांगेत जाऊन उभी राहिली. मुदत संपली की निवडणूक, हे सांगायला घटनापंडित लागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 243-ई मध्ये पंचायतीचा काळ पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही असं स्वच्छ लिहिलंय, आणि पुढची निवडणूक मुदत संपण्याआधी उरकायची हेही. नगरपालिकांसाठी तेच 243-यू मध्ये. पण ओबीसी आरक्षणाचा निकाल मार्च 2021 मध्ये लागलेला. मग त्या आरक्षणासाठी आकडेवारी गोळा करा, आयोग नेमा, प्रभाग पाडा, पाडलेले प्रभाग मोडा. मुंबईत एका सरकारने 227 चे 236 केले, पुढच्याने पुन्हा 227. एवढं अंकगणित आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला असतं, पण तिथे ते एका तासात संपतं.

तोवर कारभार कोण बघणार? प्रशासक. आणि प्रशासक कोण? इथे ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली त्याला साष्टांग नमस्कार घालतो. महापालिकेत प्रशासक म्हणजे आयुक्तच. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारीच. पंचायत समितीत गटविकास अधिकारीच. म्हणजे ज्याच्यावर सभागृहाने नजर ठेवायची, त्यालाच सभागृह करून टाकलं. मुंबईच्या 1888 च्या कायद्यात अशी तरतूद नव्हती, तर कायदा दुरुस्त करून घेतला. ठाकरे सरकारने हे रोप लावलं, शिंदे सरकारने पाणी घातलं, फडणवीस सरकारच्या अंगणात ते सावली देऊ लागलं. एकमेकांच्या प्रत्येक निर्णयाला स्थगिती देणाऱ्या या मंडळींचं ज्या एका गोष्टीवर वर्षानुवर्षं एकमत टिकलं, ती हीच. असं एकमत दिसलं की मी आधी खिसा चाचपतो.

मुंबईचं बघा, कारण तिथे आकडे मोठे. फेब्रुवारी 2023 मध्ये महापालिकेचा 52,619 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प आला. तयार करणारे आयुक्त इकबालसिंह चहल. मंजूर करणारे प्रशासक इकबालसिंह चहल. पुढच्या वर्षी 59,954 कोटी. पुन्हा तेच आयुक्त, तेच प्रशासक. 2025 मध्ये 74,427 कोटी. माणूस बदलला, भूषण गगराणी आले, पागोटी मात्र दोनच्या दोन. गोवा राज्याच्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून ही रक्कम जास्त. गोव्यात विधानसभा आहे, विरोधी पक्ष आहे, सभात्यागसुद्धा आहे. मुंबईत तेव्हा 227 नगरसेवकांच्या जागी एक खुर्ची होती, आणि सभात्याग करायचा तर तिने उठून कुठे जायचं? सुमारे 400 किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायची 6,000 कोटींची कंत्राटं याच काळात निघाली. स्थायी समिती नावाची जी वस्तू कंत्राटावर बोट ठेवण्यासाठी कायद्यात ठेवली होती, ती तेव्हा प्रशासकांच्या खिशात घडी करून ठेवलेली.

चहल किंवा गगराणी यांचा यात दोष काय? काहीच नाही. त्यांनी ही दुसरी टोपी पळवली नाही. सरकारने बोलावून डोक्यावर बसवली. माझं भांडण टोपी शिवणाऱ्याशी आहे.

मुंबई लांब राहिली. आमच्याकडची रीत सांगतो. समजा पेडगावातल्या शाळेला एक वर्गखोली हवी आहे. खोली माझ्या कल्पनेतली, रीत कायद्यातली. पूर्वी काय व्हायचं? प्रस्ताव खालून वर जायचा, शिक्षण समितीत अडायचा, बांधकाम समितीत कुणाच्या तरी गटाकडे वळायचा, स्थायी समितीत त्यावरून माइक हिसकावला जायचा, आणि सर्वसाधारण सभेत आमचा सदस्य उभा राहून 'आमच्या गटावर अन्याय' असं तारस्वरात ओरडायचा. खोली मिळायची किंवा नाही मिळायची. पण न मिळण्याचं कारण गावाला कळायचं, आणि कुणाच्या घरापुढे जाऊन शिव्या घालायच्या तो पत्ताही कळायचा. लोकशाहीत पत्त्याचं मोल फार.

प्रशासक आल्यावर काय? शिक्षण समिती साहेब. बांधकाम समिती साहेब. अर्थ, आरोग्य, समाजकल्याण साहेब. महिला व बालकल्याण समितीसुद्धा साहेबच. स्थायी समिती साहेब, सर्वसाधारण सभा साहेब, आणि अंमलबजावणीला पुन्हा साहेब. सूचक: प्रशासक. अनुमोदक: प्रशासक. विरोध: निरंक. ठराव सर्वानुमते मंजूर. सर्व कोण, ते विचारू नका. गणपूर्तीचा प्रश्न नाही. साहेब खुर्चीत बसले की गणही पुरा आणि पूर्तीही पुरी. लग्नात नवरदेवही आपणच, भटजीही आपणच, आणि मांडवाच्या दारात वही घेऊन आहेर लिहायलाही आपणच बसावं, असला हा सोहळा.

'निर्णय वेगवान, महाराष्ट्र गतिमान' अशा पाट्या याच दिवसांत एसटी स्टँडापासून स्मशानभूमीपर्यंत लागल्या होत्या. वेग न वाढायला काय झालं? स्वतःला पत्र पाठवायला टपाल लागत नाही. 'शासन आपल्या दारी' आलं तेव्हाही गर्दी झाली, मांडव पडला, दाखले वाटले. दारात सगळे होते. ज्याला आपण निवडून दिलाय असा जिल्हा परिषदेचा एक सदस्य काय तो नव्हता.

आणि साहेबांना काढायचं असेल तर? कायद्यात सोय आहे, आणि ती वाचून मी मोठ्याने हसलो. जिल्हा परिषदेच्या दोन तृतीयांश सदस्यांनी खास सभेत ठराव केला तर सरकारने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला परत बोलावलं पाहिजे. महापालिकेत आयुक्तासाठी हेच प्रमाण पाच अष्टमांश. प्रशासकाच्या काळात हा ठराव करणार कोण? साहेबांनी स्वतःविरुद्ध खास सभा बोलवायची, स्वतःवर गंभीर आरोप करायचे, स्वतःचा खुलासा नाकारायचा आणि दोन तृतीयांश स्वतःने हात वर करायचा. उरलेल्या एक तृतीयांशाने तटस्थ राहायचं. योगसाधना पुष्कळ लागेल.

एव्हाना कुणीतरी चष्मा पुसत म्हणालाच असेल: 'अहो पण ते नगरसेवक, ते सदस्य, ते तरी काय धुतल्या तांदळासारखे होते?' छे हो. मी परभणीचा आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं म्हणणाऱ्या माणसांना भ्रम कशाला म्हणतात हे शिकवायची गरज नसते. टक्केवारी हा गणितातला भाग आमच्याकडे ठेकेदार शिकवतात. महिला राखीव जागेवर बाई निवडून येते आणि सरपंचपती नावाचा प्राणी खुर्चीत बसतो. तिथे तर हिशेब उलटा, पद एक आणि माणसं दोन. 2016 च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या सभागृहाने तुकाराम मुंढेंसारख्या कडक आयुक्ताविरुद्ध 104 विरुद्ध 6 असा अविश्वास ठराव केला, तेव्हा ते 104 जण कशाने पेटून उठले होते याबद्दल मला माझी शंका आहे, तुम्हाला तुमची असेल. पण 104 विरुद्ध 6 हा आकडा आपल्याला ठाऊक आहे की नाही? कोण कुणाच्या बाजूने उभा राहिला ते नोंदलं गेलं की नाही? त्या ठरावानंतरही सरकारने मुंढेंना लगेच हलवलं नाही, हेही ठाऊक आहे. भांडण उजेडात झालं. साहेबांचं साहेबांशी भांडण झालं तर ते साहेबांच्या झोपेत होतं, आणि त्याचं इतिवृत्त निघत नाही.

'अधिकारी तटस्थ असतो' हा दुसरा मंत्र. असेलही. तटस्थ माणसालाही बदलीची ऑर्डर येते. ती सही कुणाची असते? मंत्रालयातली. मग प्रशासक नावाचं हे स्थानिक स्वराज्य नेमकं कुणाचं स्वराज्य झालं?

हा वाद नवा नाही, मुंबईने तो दीडशे वर्षांपूर्वी खेळून संपवलाय. 1865 च्या कायद्याने शहराला आर्थर क्रॉफर्ड हा एकहाती आयुक्त मिळाला. ज्याच्या नावाची मंडई आहे तोच. माणूस कर्तबगार, रस्ते, गटारं, मंडई, सगळं धडाक्यात. पैशाला मात्र धरबंध नाही. करदाते बोंबलायला लागले. त्या गदारोळात 1871 मध्ये तरुण फिरोजशहा मेहतांनी जी भूमिका घेतली ती आजच्या वादातल्या दोन्ही बाजूंनी फळ्यावर लिहून काढावी. त्यांनी क्रॉफर्डला झोडपणाऱ्या टोळक्यात उडी घेतली नाही. कार्यकारी सत्ता एका हातात असू द्या, म्हणाले, पण त्या हातावर लोकांनी निवडलेलं सभागृह बसवा. 1872 मध्ये निवडून आलेले सदस्यही असलेली कॉर्पोरेशन आली ती त्या मंथनातून. (हेच क्रॉफर्डसाहेब पुढे 1888 च्या लाच-प्रकरणात सापडले आणि मामलेदारांची बाजू टिळकांनी उचलून धरली, ते पुराण वेगळं.) इंग्रजाच्या राज्यात, इंग्रज आयुक्तावर, नेटिव्ह करदात्यांनी जे मिळवलं ते आपण एका दुरुस्ती विधेयकात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

जिल्हा परिषदांचं तर त्याहून जवळचं. 1960 मध्ये वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 1961 मध्ये अहवाल, त्याच वर्षी कायदा, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा. त्या समितीने पदांची सरमिसळ किती बारकाईने टाळली बघा. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत जागा दिली नाही. जिल्हाधिकाऱ्याला तिच्या बाहेर ठेवलं. कारभाराला वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी आणला, तो निवडून आलेल्यांचे ठराव अमलात आणण्यासाठी. तेच नाईक, ज्यांचं नाव परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कमानीवर आहे. जयंतीला त्यांच्या पुतळ्याला हार घालायला जिल्ह्यातले झाडून सगळे मान्यवर जातात. हार घालताना कुणाचा हात थरथरल्याचं ऐकिवात नाही.

आमदार-महापौर असाही एक जोड आपण पाहिलाय. 2019 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या महापौर मुक्ता टिळक आमदार झाल्या आणि काही आठवडे दोन्ही पदं त्यांच्याकडे होती. फ्रान्समध्ये तर खासदार-महापौर ही पिढ्यान्‌पिढ्यांची खोड. 2014 मध्ये कायदा करून 2017 पासून त्यांनी ती मोडली. त्या जोडपदांवर आक्षेप घ्यायचाच तर घ्या. पण तिथे दोन्ही खुर्च्यांसाठी निदान दोनदा बोटाला शाई लागलेली असते. प्रशासकाच्या दोन खुर्च्यांसाठी आपल्या बोटाला किती शाई लागली? तीच, जी वर्तमानपत्र वाचताना लागते.

वर एक जिल्हा नियोजन समिती असते. संविधान म्हणतं, तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे. प्रशासकाच्या काळात सदस्यच नव्हते म्हटल्यावर चार पंचमांश भाग हवेत. उरले कोण? अध्यक्ष पालकमंत्री, सचिव जिल्हाधिकारी, आणि भोवती नेमलेले. पालकमंत्र्यांचंही या काळात मोठं वाटप झालं. सप्टेंबर 2022 मध्ये देवेंद्र फडणवीसांकडे एकट्यांकडे सहा जिल्हे, आणि आमच्या परभणीला तानाजी सावंत मिळाले ते उस्मानाबादसह. म्हणजे जिल्हा परिषदेत एका पदाच्या जागी दोन पदांचा एक माणूस, आणि वर एका पालकाच्या जागी अर्धा पालक. सरासरी काढली तर सगळं ठीकच चाललं होतं.

आणि हे फक्त साहेबलोकांपुरतं नाही, तळापर्यंत मुरलंय. गावोगाव 'अतिरिक्त कार्यभार' नावाचं जे दैवत आहे त्याच्या कृपेने एक ग्रामसेवक दोन-तीन गावांना पुरतो आणि तिन्ही गावांत सापडत नाही. 2024 मध्ये सरकारने यावर ठोस उपाय केला: ग्रामसेवकाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' आणि तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी' ठेवलं. आता ते सापडत नाहीत तेव्हा अधिकारी सापडत नाही.

कोविडच्या वर्षी तर कमाल झाली होती. 2020 च्या जुलैत मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक म्हणून, पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने, गावातली 'योग्य व्यक्ती' नेमावी असा आदेश निघाला. योग्य म्हणजे काय हे आदेशात नव्हतं, पण पुणे जिल्ह्यात सत्तेतल्या एका पक्षाच्या पत्रात होतं: इच्छुकांनी 11,000 रुपये पक्षाच्या खात्यात भरावेत. योग्यतेला इतका स्पष्ट दर लावल्याबद्दल मला त्या पत्रलेखकाचं कौतुकच वाटलं; बाकीचे नुसते सूचक हसतात. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि सरकारी अधिकारी नेमण्यावर निभावलं. तेव्हा आम्ही म्हणालो, वाचलो. दोन वर्षांनी त्याच सरकारी अधिकाऱ्यांना दुसरी टोपी चढवून आणली.

सर्वोच्च न्यायालयाला शेवटी 6 मे 2025 रोजी सांगावं लागलं: चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका घ्या. चार महिने गेले. यंत्रं नाहीत, माणसं नाहीत, सणवार आहेत, अशी रड घेऊन मंडळी पुन्हा न्यायालयाच्या दारात. मग 31 जानेवारी 2026 ही तारीख ठरली. जी गोष्ट संविधानाने पाच वर्षांच्या आत करायला सांगितली, तिला साडेतीन वर्षं उशीर करून वर मुदतवाढ मागायची. आणि तिकडे गावात घरपट्टी तीन महिने थकली की सदस्य घरी.

गुलाल एकदा उधळला की हे सगळं विसरायला आपल्याला आठवडाही लागत नाही, म्हणून एक गोष्ट आत्ताच विचारून ठेवतो. प्रत्येक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. नवं सभागृह भरेल, हारतुरे होतील, नवे सदस्य नव्या कडक कपड्यांत बसतील, आणि पहिला विषय वाचला जाईल. मागच्या सभेला एकच माणूस हजर होता. तो आता समोर अधिकाऱ्यांच्या रांगेत बसलेला असेल, सदस्यांनी काय विचारलं ते टिपून घ्यायला. 2022 पासूनचे ते सगळे सर्वानुमते ठराव कायम करायचे म्हणून आमच्या गटाचा सदस्य हात वर करेल, की उठून म्हणेल, 'साहेब, आधी ते वाचून तरी दाखवा'?